तूर सोंगल्यावर समुद्र: प्रतिपदा ते षष्ठी

विदर्भातल्या गावाहून समुद्र बघायला निघालेल्या बहुतेक गटांचं एकाच ठिकाणी चुकतं. रिझर्वेशन झालेलं असतं, मुक्काम ठरलेला असतो, जवसाची चटणी डब्यात भरलेली असते. पाण्याची वेळ मात्र कुणी बघितलेली नसते. मग अलिबागच्या वाळूत उभं राहून समोरचा कुलाबा किल्ला लांबूनच बघायचा, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या पायऱ्यांवरून परत फिरायचं आणि उरणकडच्या मोऱ्याच्या लाँचसाठी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर तीन-तीन तास बसायचं. आपल्याकडच्या धरणाचं पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, तेही रोज वेगळ्या वेळी. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बाजूला चढ-उताराचा फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. म्हणजे तेरा ते पंधरा फूट, आपल्या विहिरीचा एक सबंध टप्पा.

म्हणून ही सहल वारावर न बेतता तिथीवर बेतली आहे. मुंबईच्या दक्षिण टोकापासून मांडव्यापर्यंत जमिनीत घुसलेलं मोठं पाणी, म्हणजे मुंबईचं बंदर, त्यातली घारापुरी, त्याच्या तोंडाबाहेरची खांदेरी-उंदेरी, आणि तिथून दक्षिणेला अलिबाग, रेवदंडा, मुरुड, हरिहरेश्वर असा किनारा सहा दिवसांत होतो. जायचं तूर सोंगून झाली की, हरभरा आणि गहू काढणीला यायच्या आधी. पौष किंवा माघ. घरटी एक माणूस गव्हाच्या ओलितासाठी मागे ठेवावा लागतो, तो हिशेब ज्याचा त्याने करावा.

घरी बसून, दोन महिने आधी

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्याच दिवशी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा. नियम एवढाच: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून दुपारी तीन आणि पहाटे तीन. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ती पूर्ण ओहोटी. सकाळी नऊ, रात्री नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरती असते.

हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं इकडेतिकडे होतो. तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर फरक आणखी वाढतो. त्यामुळे बेत आखायला पाऊणपट पुरते, पण पाण्यात पाय घालताना स्थानिक कोळ्याला विचारायचंच. ‘आज सुकती कधी?’ असं विचारा. तिकडे ओहोटीला सुकती म्हणतात. आणि हा गुणाकार मुंबई-कोकणचाच आहे. पुरीला किंवा विशाखापट्टणमला तो लावायला जाऊ नका, दर बंदराचं गणित वेगळं.

ज्या घरात संकष्टी धरतात त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो, दुसऱ्या दिवशी पाऊण-एक तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. उपास सोडायला थांबणाऱ्या बाईला हे दर महिन्याला कळतं. भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटं मागे सरकते, कारण तिचा दोर त्याच चंद्राच्या हाती आहे.

दुसरी गोष्ट: ओहोटी म्हणजे सगळीकडे सारखं कोरडं नाही. पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे तीन-चार दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आहे म्हणून कुलाब्याला चालत जाऊ म्हणाल, तर मध्ये गुडघा-मांडीभर पाणी राहू शकतं. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊला येते आणि उधाणाचा जोरही अजून शिल्लक असतो. म्हणून सगळी सहल चतुर्थीभोवती बांधली आहे. द्वितीया सोमवारी येत असेल तर पुढचा पक्ष धरा, कारण घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

पहिला दिवस, प्रतिपदा: गाव ते गाडी

गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव असं करत सकाळी मुंबईला पोचते. अमरावतीकडच्या लोकांना अमरावती-मुंबई गाडी आहे. एसटीत बायांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरच्या वरच्यांना मोफत, हे कोकणातल्या एसटीतही चालतं. मूळ आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.

सामान कमी. थंडीचे कपडे गावापासून स्टेशनपर्यंतच लागतात. तिकडे पौषातही रात्री एक शाल पुरते, ती लाँचवरच्या वाऱ्यासाठी. प्रत्येकाला मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल हवीच. स्लिपर ओल्या वाळूत रुतून निघून येते आणि अनवाणी चालाल तर खडकावरच्या कालवांच्या शिंपा पाय कापतात. ती जखम मिठाच्या पाण्यानं चिघळते. मोबाइलसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड रबरानं बांधलेली. बॅगांना कुलूप लावा, कारण स्टेशनच्या क्लोक रूममध्ये बिनकुलपाची बॅग घेत नाहीत.

दुसरा दिवस, द्वितीया: घारापुरी

भरती दीडला. सकाळी नऊच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियावरून लाँच सुटू लागतात, तेव्हा पाणी चढतं असतं. साडेतीन-चारला परत फिरलात तरी भरपूर पाणी असतं. तिकीट जाण्यायेण्याचं असतं, त्याचा उरलेला तुकडा परत येईपर्यंत सांभाळायचा. गटातल्या एकाच्याच खिशात सगळी तिकिटं ठेवू नयेत, कारण परतताना गट हमखास दोन लाँचमध्ये फुटतो.

१८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं गेली. लाइफ जॅकेट कुणी सांगो न सांगो, घाला. ते घालण्यातही लोक चुकतात. जॅकेट चढवून कमरेचा पट्टा आवळला की दुसऱ्यानं ते दोन्ही खांद्यांजवळ धरून वर ओढून बघावं. हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टा सैल आहे. पाण्यात पडल्यावर असं जॅकेट नाकातोंडावर येतं आणि माणूस खाली लोंबकळतो. पदर जॅकेटच्या आत घ्यायचा, पट्टा पदरावरून बांधायचा नाही. पोराला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे न घालण्यासारखं आहे, ते मुंडीतून निघून जातं. लहान माप मागून घ्या.

ज्याला एसटीत गाडी लागते त्याला लाँचवर त्रास होईलच असं नाही, पण त्याला मधोमध आणि खालच्या मजल्यावर बसवा. पुढचं टोक सगळ्यात जास्त उचलतं. उपाशी पोटी बसू नये, तसंच मिसळ हाणूनही बसू नये. गोळी घ्यायची असेल तर अर्धा तास आधी. मळमळायला लागलं की मोबाइल खाली आणि नजर दूर, जिथं पाणी आणि आभाळ भेटतं तिथं.

तासाभराच्या या वाटेवर डाव्या हाताला तुर्भ्याच्या टेकड्या दिसतात. शेतकऱ्यानं तिकडे जरा निरखून बघावं. आपण ज्या सुफलाचं पोतं बंडीत घालून आणतो, ते खत तुर्भ्यात होतं. बंदराच्या मधोमध जवाहर द्वीप आहे, तेलाची जहाजं लागतात ती जागा. तिथं उतरता येत नाही. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नयेत.

घारापुरी हे रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं बेट आहे. त्यावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना या गावांत कायमची वीज समुद्राखालच्या केबलनं आली ती २०१८ साली. धक्का लांब आहे, छोटी गाडी चालते, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव वर चढायच्या आधी ठरवा. माकडं हातातली पिशवी ओळखतात. दशम्या बॅगेत, चेन लावून.

पातूरची लेणी ज्यांनी बघितली आहेत त्यांना दगड ओळखीचा वाटेल. तोच काळा कातळ, लाव्हा थंड होऊन झालेला. पहिल्या लेण्यात घाईनं आतल्या मूर्तीकडे जाऊ नका. उत्तरेच्या दारातून आत आलात की जागेवरच दोन मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. हे लेणं एकाच बाजूनं उघडं नाही, पूर्व-पश्चिमेलाही चौक आहेत, म्हणून उजेड तीन बाजूंनी येतो आणि खांबांच्या रांगांतून तिरपा पडतो. समोर दक्षिणेच्या भिंतीत तीन तोंडांची महेशमूर्ती आहे, सुमारे वीस फूट उंच, सहाव्या शतकातली. मधलं तोंड शांत, डोळे मिटलेलं. आपल्या डाव्या हाताचं अघोर: मिशी, कवटी, हातात साप. उजवीकडचं वामदेव, बाईच्या चेहऱ्याचं, हातात कमळ. तिघांचेही खालचे ओठ बघा. एकाच हातानं तीन स्वभाव कसे काढले ते तिथं कळतं. बाकीची लेणी अर्धवट आहेत, ती झरझर बघितली तरी चालेल. युनेस्कोच्या यादीत हे १९८७ साली गेलं. बेटाला ज्यावरून एलिफंटा हे नाव पडलं तो दगडी हत्ती आता इथं नाहीच, तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे.

शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास. तिच्यावर झुंबड असते, तिची वाट बघू नका. मुक्काम मुंबईतच. महाग पडतो, पण सामान घेऊन रात्री अलिबाग गाठण्यापेक्षा बरा.

तिसरा दिवस, तृतीया: बंदर ओलांडून मांडवा, मग खांदेरी

ओहोटी सव्वाआठला, भरती सव्वादोनला. सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलात तर हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचतो, आणि उधाणाच्या दिवसांतल्या पूर्ण ओहोटीला लाँच तिथं लागूच शकत नाही, म्हणून काही तास फेऱ्या थांबतात. रोजच्या चाकरमान्यांना ते पाठ असतं, बाहेरचा माणूस खिडकीशी भांडत बसतो. उरणला जायचंच असेल तर आता लोकल थेट उरणपर्यंत जाते, जानेवारी २०२४ पासून.

आपल्याला मांडव्याला जायचं आहे. याच धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही आत घेणारं जहाज सुटतं आणि तासाभरात मांडव्याला लागतं. ते ओहोटीतही चालतं. म्हातारी माणसं असतील तर हेच घ्या, कारण उतारावरून सरळ चालत आत जाता येतं, लाँचसारखी उडी नाही. गेटवेवरून मांडव्याच्या लाँचही आहेत आणि त्यांच्या तिकिटात बहुधा अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पावसाळ्यात त्या लाँच बंद असतात.

मांडवा ते अलिबाग वीस किलोमीटर. वाटेतलं थळ सोडू नका. तिथल्या खत कारखान्यात उज्ज्वला युरिया होतो. मात्र थळला थांबायचं ते खांदेरीसाठी.

खांदेरी आणि उंदेरी ही बंदराच्या तोंडाबाहेरची दोन बेटं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट घालायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला, पण पावसाळ्यानंतरच्या त्या महिन्यांत मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिल्या. मोठ्या जहाजांचा तळ खोल असतो, त्यांना तिथं शिरता येत नव्हतं. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी काम पुरं केलं. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर तट घातला, म्हणून आज दोन शत्रू शेजारी-शेजारी बसल्यासारखे दिसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे.

जायला थळच्या कोळ्यांच्या मच्छीमार होड्या. त्या ओहोटीला चिखलात बसलेल्या असतात, म्हणून साडेबाराच्या सुमारास निघायचं आणि चारच्या आत परत यायचं. बेट बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. आदल्या दिवशी थळला फोन करून परवानगी, होडी आणि माणशी भाव या तिन्ही गोष्टी विचारून घ्या. होडी चालवणाऱ्याला तांडेल म्हणतात. आपल्यासारखं ‘भाऊ’ म्हटलं तरी चालतं, पण ‘तांडेलदादा’ म्हटलं की माणूस खुलतो. बेटावर १८६७ चा दीपस्तंभ आहे, वेताळाचं देऊळ आहे (कोळ्यांचा मोठा देव, तिथं थट्टा नको) आणि एक मोठा धोंडा आहे. त्यावर छोट्या दगडानं ठोकलं तर भांड्यासारखा आवाज येतो. पोरांना लेण्यांपेक्षा हेच जास्त आवडतं. तटाबाहेर समुद्राकडच्या बाजूला दगड अंदाधुंद टाकल्यासारखे दिसतात, ते लाटेचा जोर मोडण्यासाठी. पाणी प्यायला काही मिळणार नाही, माणशी दोन लिटर सोबत.

उंदेरीला उतरायला धड धक्का नाही. होडीतूनच फेरी मारावी.

चौथा दिवस, चतुर्थी: कुलाबा, चौल, कोर्लई

हा दिवस या सहलीचा कणा आहे. ओहोटी नऊला. पावणेआठला किनाऱ्यावर हजर, वाट मोकळी झाली की चालायला सुरुवात, आणि साडेदहाला परत वाळूवर. यात किल्ल्यात दीड तास मिळतो, तेवढा पुरतो.

भरती समोरून लाट होऊन येईल अशी वाट बघत राहणं ही नवख्याची चूक. नाल्याला पूर येताना जसं आधी खोलगट घळीत पाणी शिरतं आणि मग ते धुऱ्यावर चढतं, तसंच इथं. तुम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी कोरड्या कातळावर उभे असता आणि मागे, किनारा आणि किल्ल्याच्या मधल्या सखल पट्ट्यात पाणी गुपचूप भरलेलं असतं. म्हणून पायाखालचं पाणी न बघता घड्याळ बघायचं. परतीची ठरलेली वेळ झाली की फिरायचं. अडकलातच तर मध्ये उतरू नका, पोहता येत असलं तरी नाही. किल्ल्यातच बसा, पुढच्या ओहोटीला, आठ-नऊ तासांनी, वाट पुन्हा उघडते. पोटऱ्याभर पाणी असताना घोडागाड्या चालतात. गाडीवान कधी थांबतो तिकडे लक्ष ठेवा, तो ज्या पाण्याला थांबला त्या पाण्यात माणसानं जाऊ नये. हिरव्या शेवाळाच्या कातळावर पाय ठेवायचा नाही. करडा, खरखरीत कातळ किंवा वाळू धरून चालायचं.

किल्ल्याच्या तटाशी जवळ जाऊन दगडांच्या फटीत बोट घालून बघा. मोठमोठे चिरे एकावर एक ठेवलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि आत फुटून बाहेर निघतं, भिंतीला सबंध धक्का एकदम बसत नाही. आपल्याकडे शेताच्या बांधाला दगडी पिचिंग करताना हीच अक्कल वापरतात. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. गणपतीचं देऊळ १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलं. कृष्ण पक्षात आला असाल तर आज संकष्टीच, उपासवाल्यांना याहून सोयीचं काय. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. शेजारी छोटा सर्जेकोट.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, १७२९ साली ते वारले. जवळच चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटनं मोजमाप बिघडेल, म्हणून ही मोजणी १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याहून इथं हलवली. मोजणीच्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. डीपीजवळ रेडिओ खरखरतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको.

अलिबागहून तीन दिवसांसाठी एक गाडी ठरवा, हरिहरेश्वरपर्यंत. अलिबागचा पांढरा कांदा माळेत विणलेला मिळतो. परतीला पुन्हा या गावातून जायचं नाही, म्हणून घ्यायचा तर आताच.

चौल-रेवदंड्याचा रस्ता नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जातो. संत्र्याच्या बागेत वावरलेल्या माणसाला हे तिमजली शेत बघायला आवडतं: वर नारळ, मध्ये सुपारी, सुपारीला चढलेला मिरवेल, खाली केळ. पाणी पाटानं, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात. चौल हे एकेकाळचं मोठं बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास विकायला घोडा घेऊन इथंच उतरला होता, रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई. टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याच्या गावात पोर्तुगीजपासून बनलेली बोली, ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा. चर्चसमोर थांबून दोन बायांचं बोलणं कानावर पडू द्या, मराठीची चाल आणि शब्द भलतेच.

वाटेत काशिद लागतं. वाळू सुंदर, पण तळ लवकर खोल होतो आणि ओढ आहे. विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकलेली आपली पोरं इथंच फसतात. विहिरीचं पाणी जागेवर असतं, हे चालतं. गुडघ्याच्या वर नाही. पाणी उतरत असताना तर नाहीच. ओढीत सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत जायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. रात्री मुरुड.

पाचवा दिवस, पंचमी: जंजिरा

जझीरा या अरबी शब्दाचा अर्थच बेट, त्यावरून जंजिरा. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. या दिवसांत सकाळी वारा मंद असतो आणि दुपारनंतर समुद्राकडून जोर धरतो, तेव्हा पाणी हलतं. ओहोटी पावणेदहाला. दहा-साडेदहाला निघालात तर पाणी चढतं आणि वारा अजून बरा. किल्ल्याचं दार राजापुरीकडेच तोंड करून आहे, पण दोन बुरुजांच्या मध्ये असं दडवलंय की होडी पार जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिद्द्यांचा हा किल्ला शेवटपर्यंत कुणाला घेता आला नाही, त्याचं निम्मं कारण त्या दारात दिसतं.

अवघड जागा तीच. होडी पायरीला लागते आणि लाटेबरोबर हात-दीड हात वर-खाली होते. होडी वर येऊन क्षणभर थांबते, तेव्हा पाय टाकायचा. ती खाली जात असताना टाकलेला पाय पायरीच्या कडेवर न पडता फटीत जातो. खलाशाचा हात मनगटाला धरा, बोटांना नाही. हातात काही नको. लेकरू कडेवर घेऊन कुणीही उतरायचं नाही, ते खलाशाच्या हाती द्यायचं. ‘आधी माणूस, मग पिशवी, मावशी!’ असं तो ओरडतो, तेव्हा पिशवी खरंच सोडायची.

दाराच्या भिंतीवर एका वाघासारख्या प्राण्यानं सहा हत्ती धरलेत: चार पंजांत चार, तोंडात एक आणि शेपटीत एक. आत कलालबांगडी नावाची अजस्र तोफ आणि गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. होडीवाले साधारण पाऊण-एक तास देतात. तेवढ्यात सगळं होत नाही. तोफ, तलाव आणि पश्चिमेचा दर्या दरवाजा एवढंच धरा, पडक्या वाड्यांत वेळ घालवू नका.

समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. तिथं नेहमीच्या फेऱ्या नाहीत, मुरुडहून वेगळी होडी करावी लागते. मोठा गट असेल तर जरूर करा. त्याच्या तटाची मजा अशी, की साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी दगड झिजून आत गेले आणि दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर उरला, मधमाशीच्या पोळ्यासारखा. कुलाब्याला चुना नाही म्हणून तट टिकला, इथं चुनाच दगडाला पुरून उरला. दोन्ही एकाच सहलीत बघण्यात अर्थ आहे.

जेवणाचं: घरगुती खानावळीत संध्याकाळचं सकाळीच सांगावं लागतं. ज्वारीची भाकर मिळत नाही, तांदळाची मिळते, ती गरम आहे तोवरच खायची. मरळ आणि झिंगे खाणाऱ्यानं सुरमईनं सुरुवात करावी, काटे कमी. माळकरी असतील तर वेगळ्या चुलीचं घर आधीच विचारून ठेवा.

सहावा दिवस, षष्ठी: हरिहरेश्वर

ओहोटी साडेदहाला, म्हणून सकाळी सातच्या आत मुरुड सोडायचं. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट नेणारी फेरी आहे, खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं. रस्त्यानं वळसा घालून जाल तर सकाळच रस्त्यात जाईल. दिवेआगर आणि श्रीवर्धन परतताना. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव.

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, अशी रीत आहे. प्रदक्षिणेची वाट टेकडी चढून जाते आणि मग दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते. पुढचा सगळा रस्ता लाटांनी घासलेल्या कातळाच्या ओट्यावरून. कड्याच्या पोटात खारं पाणी मुरून आणि वाळून जाळीसारखी भोकं पडली आहेत. हात लावाल तर मीठ लागतं.

इथं माणसं वाहून गेली आहेत आणि बहुतेकदा ओट्याच्या कडेला फोटो काढताना. षष्ठीला उधाण ओसरत आलेलं असतं, त्यामुळे पाणी चतुर्थीइतकं खाली जात नाही. पायऱ्यांच्या शेवटी थांबून कातळ बघा. ओटा वाळून करडा झाला असेल तर निघा. चकचकीत ओला असेल तर लाट अजून तिथवर येते आहे, थांबा. दहा-बारा साध्या लाटांनंतर एखादी दुप्पट मोठी येते, म्हणून निदान दहा मिनिटं बघितल्याशिवाय खाली उतरू नये. पुजारी किंवा रखवालदार नको म्हणाला तर विषय संपला. प्रदक्षिणा पुरी करताना पाठ समुद्राकडे करायची नाही, आणि साडेअकराच्या आत बाहेर.

मुक्काम तिथंच करा. त्याच दिवशी परतीची गाडी पकडायचा हट्ट महागात पडतो, घाटात आणि महामार्गावर किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. सातव्या दिवशी सकाळी श्रीवर्धनकडून मुंबईची एसटी किंवा तीच गाडी पनवेलपर्यंत, तिथून कल्याण. विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते. तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन कल्याण टाका, सामान घेऊन मुंबईत शिरायची गरज नाही.

सुकी मासळी घ्यायची तर शेवटच्या दिवशी. सुका बोंबील वाकवून बघा: कडकन मोडला तर घ्या, चामड्यासारखा वाकला तर त्यात ओल आहे आणि गावी पोचेपर्यंत बुरशी धरेल. जवळा मुठीत दाबून सोडला की मोकळा सुटला पाहिजे. आधी कागद, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा बर्थखाली अगदी आत. एवढं करूनही वास येतो. भुसावळच्या पुढे डब्यातली माणसं हसायला लागतात, आणि बडनेऱ्याला उतरताना कुणीतरी विचारतंच, कितीला आणला?